बोडीकडची भिंत

१२ ऑक्टोबर १९८६
भिंत पुन्हा पाझरायला लागली. गावची बोडी, तळंच ते, काठोकाठ भरली की दरवर्षी हेच. आमचं घर बोडीच्या मातीच्या पाळीला पाठ टेकून बसलेलं, आणि तळघर तर पाळीच्या पोटातच. आजोबांनी माग मांडायला खणलं होतं. वर ऊन पेटलेलं असलं तरी खाली माठात बसल्यासारखं वाटतं. बाबांनी तिथंच मागाच्या खड्ड्यात पाय सोडून सगळं आयुष्य काढलं, आणि तिथंच दमाही लावून घेतला.

काल त्यांना चिमूरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाबांशी बोललेच नाहीत, माझ्याशीच बोलले. मास्तरीण म्हटलं की हिला सगळं कळतं असं लोकांना वाटतं. म्हणाले, "एक तर त्या खोलीची ओल बंद करा, नाही तर यांचं खाली बसणं बंद करा. असेच पावसाळे काढत राहिले तर छाती साथ देणार नाही."

येताना एस.टी.च्या खिडकीतून बाबा धान बघत होते. लोंब्या भरल्यात. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "माग वर नाई येत, बाई. मी बी नाई येत."

म्हणजे भिंतीचंच काहीतरी करायला हवं.

१५ ऑक्टो.
शाळेतून आले ती तडक खाली उतरले. मला ही ओल आवडते. हे डॉक्टरांना कसं सांगणार?

लहानपणी बाबा विणायचे, आई धाग्याच्या कांड्या भरायची आणि मी भिंतीसमोर बसून डाग वाचायची. जमिनीलगत एक घागरवाली आहे. मान जराशी वाकडी, कमरेवर घागर. तिच्या वर एक बिनशिंगाचं हरिण, त्याच्या वर नुसतंच जंगल. भादव्यात घागरवाली जाडजूड होते, माघात रोडावते. आई म्हणायची, ती बोडीतून पाणी भरून निघते, दमते आणि आपल्याकडं टेकते. आई गेल्यावर मी तिला पुष्कळ काही सांगितलं आहे. बाई ऐकून घेते, उलट उत्तर देत नाही.

आत्या जिन्यावरून ओरडली, "भितीले का पाहून राह्यली? तिच्यासंगंच लगन लावतं का?"

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. माझ्या जन्माआधीपासून इथंच. कोशाचा, म्हणजे रानरेशमाचा, धागा मांडीवर ओढते आणि माझ्या लग्नाचा विषयही तसाच ओढते.

२ नोव्हें.
पाहायला येणार होते ते आले. मी मुद्दाम तळघरात कांड्या भरत बसले. झरोक्यातून पाळीवरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. पायांवरून अख्खं गाव मला ओळखता येतं. आज आधी बकऱ्या गेल्या, मग एक जोडी बूट आले, थांबले, मागं गेले, पुन्हा आले. पॉलिश झकास, पण दोन्ही नाड्या वेगवेगळ्या रंगाच्या. मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच अर्धं काम झालं असणार.

नाव मधुकर (यापुढं म.). पाटबंधाऱ्यात ओव्हरसियर, नेमणूक गोंडपिपरीला. भद्रावतीच्या फॅक्टरीत असलेला मोठा भाऊ सोबत होता. पोहे झाले. मला विचारलं, कितवीला शिकवता. चौथीला, म्हटलं. नंतर एकदम, "ओलीचा वास येतो आहे. कुठून?" भावाचा चेहरा पडला. बाबांचा मात्र खुलला. त्याला घेऊन खाली गेले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

आत्या : "पोरगी पाह्याले आला का भित पाह्याले?"

जाताना म. मला एवढंच म्हणाला, "भिंत बरी होईल." जसा काही तोच डॉक्टर.

९ नोव्हें.
होकार आला. माझा आधीच झाला होता. लग्न बुद्धपौर्णिमेनंतर, मे महिन्यात.

बाबांनी जाहीर केलं, "माह्या लेकीचं लुगडं मीच विनन. कोशाचं." यावर म.च्या भद्रावतीच्या वहिनींनी निरोप पाठवला, की आपल्यात नवरी पांढरं नेसते, कोसा तर मधाच्या रंगाचा. आत्यानं निरोप आणणाऱ्यालाच धारेवर धरलं. "कोशाचा पांढरा असाच राह्यते बाप्पा. दुधाले साय बी पिवळीच येते." तो बिचारा चहा न पिता गेला.

३० नोव्हें.
म. आला होता. पाळीवर हात मागं बांधून फिरला. म्हणाला, खरं तर पाणी आतून अडवायचं नसतं, बाहेरच्या बाहेर वळवायचं असतं. भिंतीच्या मागं चर खणायचा, बाहेरच्या अंगाला डांबर फासायचं, चरात गिट्टी भरायची, पाणी दुसरीकडं काढून द्यायचं.

पण भिंतीच्या मागं पाळ, आणि पाळीनं अडवलेल्या पाण्यावर सगळ्या गावाचा धान. तिला कुदळ लावायची नाही. बाबा तसं म्हणाले, आणि म.नंही मान हलवली. पाटबंधाऱ्यातला असून पाळीला हात लावत नाही म्हटल्यावर बाबांच्या मनात तो आणखी वर चढला. तेव्हा आतूनच करायचं ठरलं.

८ डिसें.
म. रजा काढून आलाय. काम सुरू.

माग बाबांनी स्वतः सोडला. कोणाला गाठीला हात लावू दिला नाही. लाकडं वरच्या पडवीत नेऊन ठेवली, वर गोधडी पांघरली. आजारी माणसाला पांघरतात तशी.

मग म.नं जुना गिलावा पाडायला घेतला. छिन्नी लावली आणि बोटभर जाडीचा पोपडा सबंधच निसटला. हरिण, जंगल, सगळं एकदम खाली. घागरवाली मी हातात धरायला गेले, तर नुसती माती. मातीच होती हे मला काय माहीत नव्हतं? तरी डोळ्यांत पाणी आलं. म.ला वाटलं धूळ गेली. त्यानं रुमाल दिला. मी घेतला.

१० डिसें.
दगडांमधल्या दरजा खरवडल्या, धुतल्या, घट्ट सिमेंट ठासून भरल्या. आत्या वाळू चाळते, मी पाणी देते, म. लावतो. सिमेंटमध्ये पाणी अडवायची पावडर घालायची, ती त्यानं चंद्रपूरहून आणली. आत्याचं म्हणणं, जुन्या काळी चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालत, आजोबांनी पायऱ्या तशाच केल्यात. म. हसला नाही. पायऱ्यांच्या सुटलेल्या दरजांना त्यानं तेच भरलं. बोटं चाटत होता, गुळाची.

झरोक्याशी पाय थांबतात, कुजबुजतात. लग्नाआधीच नवरा-नवरी गिलावा करतात, हे गावानं अजून पाहिलं नव्हतं. पाहा म्हणावं.

१२ डिसें.
गिलाव्याचे दोन हात झाले. वरून निव्वळ सिमेंटची घोटाई. भिंत शाळेच्या नव्या फळ्यासारखी दिसते. आता रोज तराई. सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारायचं.

आत्या डोक्याला हात लावून बसली. "भित वाळव्यासाठी भितीवर पानी मारून राह्यले! हे शिकल्यावर समजते का?"
म. : "हव, आत्याबाई. परीक्षा असते याची."

२८ डिसें.
कोरडी! बाबांनी तळहात टेकवला, मग गाल टेकवला. "नाई, काईच नाई," म्हणाले. बोडी पलीकडं भरलेली, आणि अलीकडं टिपूससुद्धा नाही. म.ला पोटाशी धरलं. म. पहिल्यांदाच त्यांना काकाजीऐवजी "मामाजी" म्हणाला, सासऱ्याला म्हणतात तसं. मी पायरीवर उभी होते, ऐकलं नाही असं दाखवलं.

१८ जाने. १९८७
माग पुन्हा खाली मांडला. बाबांनी सुती पंच्यांना हात घातलाय. थंडी आहे, काम सरसर चाललंय. खोकला नाही. एकदाही नाही. त्यांच्या खोकल्याशिवाय घर परकं वाटतं. दुसऱ्याच कोणाच्या घरी राहायला आलोय असं.

पहाटे स्वप्न पडलं. भिंतीच्या पलीकडं घागरवाली दार वाजवते आहे आणि मी अलीकडून सांगते, इथं आता दार नाही. ती म्हणते, नव्हतंच.

२२ फेब्रु.
वैनगंगेपलीकडच्या जंगलातून ढीवर लोक कोसे घेऊन आले. अंगण कोशांनी भरलंय. राखेच्या पाण्यात शिजवायचे, तो वास. नको वाटतो, आणि नसला की आठवतो.

आत्या ओढत बसलीय. मोकळा पाय पुढं, मांडीवर राखेचं बोट, पाच-सहा कोशांतून एक धागा. ओढता ओढता डुलक्या काढते, धागा मात्र चालूच. दिवसभर तिच्यासमोर बसलं तर माझेही डोळे जड होतात.

८ मार्च
अजून ओढतेच आहे. म्हटलं, एका साडीला एवढा? हत्तीला नेसवणार आहेस?
"धागा जास्तीचा बरा. मानूस कमी पडते, धागा नाई पडला पायजे."
तिचं काहीतरी असतंच.

१९ मार्च
ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, घातला. पाळीवरच्या आंब्या-मोहांखाली लांबच्या लांब पसरून भाताची पेज लावली. बाबा कुंचा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत. उन्हात सगळा ताणा मधासारखा. मोहाची फुलं त्याच्यावर पडत होती आणि मी वेचत होते. वेचता वेचता खायलाही लागले. आत्यानं पाठीत धपाटा घातला. नवरी मुलगी म्हणे.

बाबा आज गप्प आणि खुशीत. मागावर ताणा चढवताना मला म्हणाले, "आता हा उतरेपर्यंत मले कुठी बलावू नको." आमच्या घरचा जुना नेम. ताणा उभा सोडून विणकरानं उठायचं नाही. आई गेली तेव्हा मागावर ताणा उभा होता. बाबा विहारातून आले ते तसेच खाली उतरले, तो विणून संपवला आणि मग वर येऊन रडले. तोपर्यंत रडलेच नव्हते.

२३ मार्च
धागा तुटतोय.

२५ मार्च
धागा तुटतोय, तुटतोय, तुटतोय. बाबा राखेचं बोट लावून गाठ मारतात, आडव्या धाग्याचा धोटा टाकतात, दुसरीकडं तुटतो. दिवसभरात बोटभरही कापड नाही. आत्या म्हणते पेज कमी पडली. बाबा म्हणतात कोसे जुने असतील. मी म्हणते नजर लागली (माझा विश्वास नाही, तरी म्हणते).

२८ मार्च
कारण सापडलं.

बाबा हातातलं सगळं खाली ठेवून भिंतीकडं कितीतरी वेळ बघत राहिले. मग धाग्याचं तुटकं टोक ओठात धरलं, ओलं केलं, ओढलं. तुटेना. म्हणाले, "याले तहान लागली."

वर ऊन मी म्हणतंय. जंगलाकडून येणारी हवा कोरडी ठणठणीत. आजवर ही भिंत चैत्र-वैशाखातही खोली दमट ठेवायची, म्हणून कोसा लवचिक राहायचा. थंडीत सुती पंचे निभावले, कोशाला ते चालत नाही. बाबा हसायलाच लागले. "जल्मभर या ओलीले शिव्या देल्या. अन् तीच धागा धरून होती!" आत्याही हसली. आजोबांनी पाळीच्या पोटात खोली खणली ती थंडाव्यासाठी, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. विणकराच्या घरात जन्म काढून कोणाच्या डोक्यात हे आलं नाही.

मला हसू आलं नाही.

५ एप्रिल
ओली पोती टांगली. मागाभोवती माठ मांडले. खड्ड्यात ओली वाळू. सकाळी तासभर जमतं. ऊन चढलं की हवा सगळं पिऊन टाकते. बाबा त्या तासाभरासाठी दिवसभर खाली बसून राहतात. वाट बघत. आत्या पोत्यांवर तांब्या तांब्या पाणी ओतते आणि भिंतीला शिव्या देते. भिंत मात्र फळ्यासारखी स्वच्छ.

१४ एप्रिल
जयंती. विहारापासून मिरवणूक निघाली, लेझीम, निळे झेंडे, मुलं घसा फाटेस्तोवर घोषणा देत होती. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच बाबा त्यात नव्हते. पांढरा सदरा आत्यानं काल धुऊन, घडी घालून ठेवला होता. तो तसाच. ते खाली, तुटकं टोक शोधत. झरोक्यातून मिरवणुकीचे पाय बघितले म्हणाले. "मस्त होती. तुह्या शाळेतले पोट्टे ओळखले मी, चपलांवरून."

माझा तोल गेला. म्हटलं, नको मला ती साडी. नागपूरहून विकत आणू, पांढरीशुभ्र, भद्रावतीच्या वहिनींना हवी तशी.

बाबा उपाशीच राहिले. मला लाज वाटते आहे.

२६ एप्रिल
म. आला. भिंत पाहिली, ताणा पाहिला, पायरीवर मटकन बसला. बाबाच त्याची समजूत घालत होते. "तुह्यं काम एकदम पक्कं आहे रे. थेंब येत नाई."

म. म्हणाला, फोडू या. पूर्ण नाही, ताटलीएवढंच. तेवढी ओल पुरेल.
मी भांडले. डॉक्टर काय म्हणाले ते ठाऊक आहे ना? चार महिन्यांत एकदा तरी खोकले का? बाबांकडं वळले, तुम्हीच सांगा म्हटलं.

बाबा शांतपणे म्हणाले, "मी का सांगू? तूच सांग. लुगडं तुह्यं आहे, बाप बी तुह्याच आहे."

म. जाताना एका डब्यात सिमेंट ठेवून गेला, लवकर धरणारं. "फोडलं तर हे बुजवायला. कालवलं की लगेच लावायचं, अर्ध्या तासात दगड होतो." मला कालवून दाखवलं.

३० एप्रिल
शाळेला सुट्ट्या लागल्या. दुपारभर बोडीच्या काठी बसले. पाणी मधल्या डोहापुरतं राहिलंय, पण आमच्या बाजूलाच. पाणकोंबड्या फिरतात. वाटलं, या पाण्याला काय माहीत पलीकडं कोण आहे! ते आपलं टेकायला जागा शोधतं. मग डोळा लागला. जागी झाले तेव्हा ऊन पायांवर आलं होतं आणि मनात काहीच ठरलं नव्हतं.

घरी बाबा खड्ड्यात पाय सोडून बसलेले. विणत नव्हते. हात ताण्यावर, नुसते. खोकला नव्हता, आणि तरी इतके म्हातारे ते मला कधी दिसले नव्हते.

३ मे
फोडलं. मीच फोडलं.

सकाळी छिन्नी-हातोडी घेऊन खाली गेले. छातीइतक्या उंचीवर छिन्नी टेकवली. मागून बाबा : "तिथी नाई. पानी खाली गेलं आता. इथी." मागाच्या खड्ड्याजवळ, जमिनीलगत बोट ठेवलं. घागरवालीची जागा. त्यांना ती ठाऊक होती की काय? विचारलं नाही.

म.चं काम पक्कं. हाताला फोड आले. ताटलीएवढं उघडलं, दरज खरवडली. आत दगड काळा, थंड. पाणी नाही.

मग ठराव झाला. मी अट घातली : साडी झाली की भोक बुजवायचं. बाबा म्हणाले, "ताना उतरला का बुजव. मी अडवनार नाई." आत्या साक्षीला. हातावर हात मारून घेतला.

६ मे
दगडाला घाम फुटला. दुपारपर्यंत हातभर डाग. आकार काही नाही, नुसती ओल. मी उगाच मान शोधते, घागर शोधते.

धागा तुटला नाही! दुपारभर नाही. वर पडवीत बसून मी ऐकत होते, धोटा जातो, येतो, फणी आपटते. किती दिवसांनी. आत्यानं चुलीवरचं तसंच सोडलं आणि दारात येऊन उभी राहिली. भाजी करपली. मला फार आनंद झाला, इथं खोटं कशाला लिहू?

९ मे
खोकला आला. थोडाच. सकाळचा.

१३ मे
बुद्धपौर्णिमा. विहारात खीर. बाबा आले आज, तो घडीचा सदरा घालून. वंदना म्हणताना दोनदा थांबावं लागलं. लोक म्हणाले, भाऊ, तब्येत सांभाळा, लेकीचं लग्न आहे. भाऊ हसले.

घरी येऊन लगेच खाली. मी सोबत जाऊन बसले. धोटा आणि खोकला, खोकला आणि धोटा. खोकला आला की फणी थांबते, तो गेला की पुन्हा चालू. त्यांना बंद करा म्हणावं असं शंभरदा वाटलं. म्हटलं नाही. कापड तर असं उतरतंय, की बोट फिरवलं तर आईच्या हाताची आठवण येते. का, ते सांगता येत नाही.

१७ मे
साडी झाली. कापून काढली. बाबांनी ती दोन्ही हातांवर धरून माझ्याकडं दिली, मी आत्याकडं, आत्यानं नाकाशी धरली. "धूर-राखेचा वास जाते धुतल्यावर. कोशाचा नाई जात." मी खांद्यावर टाकली. पांढरी नाहीच ती. सायीच्या रंगाची.

वर जाताना सहज मागं वळून पाहिलं, तर मागावर ताणा तसाच उभा. थोडाथोडका नाही. मागच्या लाकडाला गुंडाळलेला, जाडच्या जाड.

"हे काय?"
बाबा : "ताना."
"साडी तर झाली."
"हव. ताना नाई झाला."
आत्याकडं पाहिलं. ती कोशांच्या रिकाम्या टोपलीत काहीतरी शोधायला लागली. म्हणजे ठरवून. मार्चपासूनच. हत्तीला नेसवणार का, म्हटलं होतं मी!

"आणखी कोणासाठी?"
"पाहू. लागन कोनाले तरी."

रागानं जिना चढले. परवा लग्न आहे, पाहुणे उद्यापासून येतील.

१८ मे
म.च्या भावाच्या घरचे आज येणार. त्याआधी हे उरकायचं म्हणून सकाळीच डबा घेऊन खाली गेले. आत्याला सांगितलं, ठराव गेला खड्ड्यात, मी बुजवते आहे. परवा मी गोंडपिपरीला गेले की हे भोक बुजवायला कोणी नाही. आत्याचे हात चालणार नाहीत आणि बाबा तर बुजवणारच नाहीत. पावसाळा आला, बोडी भरली, की ताटलीएवढ्या भोकातून काय काय येईल. बाबांना हे ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे.

घमेल्यात सिमेंट कालवलं. म.नं दाखवलं तसंच, लोण्यासारखं.

बाबा विणत होते. मी भिंतीशी बसले तेव्हा थांबले. म्हटलं, कशाला घातला एवढा लांब? मला फसवायला?

"नाई बाई." मग खोकला आला, बराच वेळ. पाणी दिलं. म्हणाले, "तू चालली. आता घरात मी अन् ते म्हातारी. वाटलं, ताना लांब घातला तं उठता नाई येनार. आपल्या घरचा मानूस उभा ताना सोडून कुठी जात नाई. मी बी नाई जानार."

मी घमेलं जवळ ओढलं.

ते बघून म्हणाले, "बुजवतं तं बुजव. तुले नाई म्हननार नाई. पन सांगून बुजव. मंग धागा तुटला का मले समजन, काऊन तुटला ते."

आणि धोटा टाकला.

मी थापी घेतली, थोडं सिमेंट घेतलं, भोकापर्यंत नेलं. ओल गार होती. तिच्यात बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. मग थापी पुन्हा घमेल्यात ठेवली आणि पायरीवर येऊन बसले. आजोबांच्या पायऱ्या. म.नं भरलेल्या गुळाच्या दरजांना मुंग्या लागल्यात. ही वही मांडीवर आहे.

झरोक्यातून पाय दिसतात. दोन जोड्या चपला, एक जोडी बूट. या वेळी नाड्या एकाच रंगाच्या. वर आत्या ओरडते आहे, "सुजाता! कुठी आहे ते? पाहुने आले!"

सिमेंट कडेकडेनं पांढुरकं व्हायला लागलंय. मधे अजून ओलं आहे. बोट घातलं तर जातं. बाबा खोकतात, थांबतात, विणतात.

अजून थोडा वेळ आहे.